सिंघण : एका राजनावाचे दोन वारसे

अंबाजोगाईला येणारा माणूस योगेश्वरीचे दर्शन घेतो, आद्यकवी मुकुंदराजांच्या समाधीवर जातो, जमलेच तर हत्तीखान्यातले दगडी हत्ती पाहतो आणि परततो. बीड जिल्ह्यातल्या याच गावात आणखी दोन देवळे आहेत आणि महाराष्ट्राच्या इतिहासात त्यांचे वजन मोठे आहे. एक सकलेश्वराचे, ज्याला लोक बाराखांबी म्हणतात, आणि दुसरे खोलेश्वराचे. सकलेश्वराशी निगडित लेख शके 1150 चा, म्हणजे इसवी सन 1228-29 चा. खोलेश्वराचा शके 1162 चा, म्हणजे 1240 चा. दोन्ही लेख कोरले गेले तेव्हा देवगिरीच्या गादीवर एकच राजा होता, यादव सिंघण. नर्मदेपासून तुंगभद्रेपर्यंत हुकूम चालवणाऱ्या या राजाचे नाव आज मराठी घरात कुणी मुलाला ठेवत नाही. नाव वापरातून गेले, पण त्याच्यावरचा वाद गेलेला नाही. यादव मूळचे मराठी की कानडी, हा प्रश्न निघाला की त्यांची नावे पुराव्यादाखल पुढे केली जातात आणि त्यांत सिंघण हे नाव हमखास असते. माझे म्हणणे असे आहे की हे नाव कुठल्याही एका बाजूची साक्ष देत नाही. ते दोन भाषांच्या एकत्र नांदण्यातून घडले, ज्या राजांनी ते धारण केले त्यांची राज्येही दोन्ही भाषांत चालली, आणि अंबाजोगाईच्या लेखांकडे नीट पाहिले तर नावावरून कूळ ठरवण्याची घाई किती फसवी असते ते कळते.

आधी नावाची घडण पाहू. त्याचे मूळ सिंह या शब्दात आहे, याबद्दल फारसा वाद नाही. गुजरातेतल्या संस्कृत ग्रंथांत याच राजाला सिंहण म्हटले आहे. प्राकृतात अनुस्वारापुढचा ‘ह’ पुष्कळदा ‘घ’ होतो. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात हा नियम नोंदवला आहे आणि सिंहाचे ‘सिंघ’ हे रूपही दिले आहे. शिखांच्या नावातला सिंघ आणि आपल्या राजाच्या नावातला सिंघ असे एकाच वाटेने आलेले आहेत. दख्खनच्या राजघराण्यांत सिंहाची नावे उदंड होती. बदामीच्या आणि कल्याणीच्या चालुक्यांत जयसिंह, गंगांमध्ये मारसिंह, होयसळांमध्ये तीन नरसिंह. या नावांत सिंह शेवटी येतो आणि त्याच्या आधी दुसरा शब्द असतो. सिंघण मात्र सुटे नाव आहे. पूर्ण नावातला एक भाग उचलायचा आणि त्याला छोटा प्रत्यय लावायचा, ही घरगुती नावे पाडण्याची जुनी रीत आहे. यादवांच्याच घराण्यात तिचे उदाहरण आहे. सिंघणाचा बाप काही लेखांत जैत्रपाल आहे, तर काहींत जैतुगी. एकाच माणसाची ही दोन नावे, एक दरबारी संस्कृत वळणाचे आणि एक बोलीतले. सिंघण हेही त्याच जातीचे नाव आहे. फरक एवढाच की इथे बोलीतले नावच इतके रूढ झाले की संस्कृत कवींना त्याला पुन्हा संस्कृताचा साज चढवून सिंहण करावे लागले.

खरी गुंतागुंत शेवटच्या ‘ण’ मध्ये आहे. संस्कृत-प्राकृतातल्या अशाच एखाद्या प्रत्ययाने त्याचा उलगडा करता येतो. दुसरा उलगडा कानडी आहे. थोरल्या भावाला आणि आदराच्या माणसाला लावायचा ‘अण्ण’ हा शब्द नावाला जोडला की सिंगण्ण होते. कानडी मुलखात सिंगण्ण हे नाव वापरात होते आणि तेलुगूत मडिकी सिंगनासारखा कवी होऊन गेला. यादवांच्या काळात या शेवटाची नावे आजूबाजूला पुष्कळ दिसतात. सिंघणाचा दक्षिणेकडचा सेनापती बिच्चण आणि सिंघणाचा पणतू अम्मण ही त्यांतली दोन. त्यामुळे शेवट कानडी वळणाचा आहे ही शक्यता मला बळकट वाटते. पण मग मधला ‘घ’ कुठून आला? कानडी बोलीचा कल महाप्राण सोडून सिंग म्हणण्याकडे आहे. सिंहाचा सिंघ करणे ही प्राकृताची चाल आहे. कुणी म्हणेल की कानडी लेखांतही ‘सिंघण’ असेच कोरलेले सापडते. खरे आहे, पण लेख कोरवणारा लेखक राजाचे नाव दरबारात जसे लिहीत तसेच लिहिणार. त्यावरून नाव घडले कुठे हे सिद्ध होत नाही. दोन्ही बाजू तोलल्या तर नावाचे अंग प्राकृत आणि शेपूट कानडी, हा निष्कर्ष उपलब्ध पुराव्याला सर्वांत जवळचा ठरतो. अशी जोडनावे जिथे दोन्ही भाषा एका घरात, एका छावणीत बोलल्या जातात तिथेच तयार होतात.

आता हे नाव धारण करणारे राजे. यादवांतला पहिला सिंघण बाराव्या शतकाच्या आरंभीचा. तो स्वतंत्र नव्हता. कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्य सहाव्याचा मांडलिक म्हणून त्याचे घराणे नाशिक-सिन्नरच्या बाजूला राज्य करत होते. हेमाद्रीने यादवांची जी राजप्रशस्ती रचली तिच्यात या सिंघणाने आपल्या सार्वभौमाचे कर्पूरव्रत तडीस नेल्याचे म्हटले आहे. दुसरा सिंघण यादव नव्हेच. कल्याणीच्या चालुक्यांकडून सत्ता हिसकावून घेणाऱ्या कलचुरी बिज्जलाच्या घराण्यातला तो शेवटचा राजा. बिज्जलाचे घराणे मूळचे मंगळवेढ्याचे, म्हणजे आजच्या सोलापूर जिल्ह्यातले. राजधानी कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, लातूरच्या सीमेपलीकडचे. या कलचुरी सिंघणाची राजवट 1184 च्या सुमारास संपली आणि चालुक्य सोमेश्वर चौथ्याने गादी परत मिळवली. म्हणजे आपला सिंघण राजा होण्याआधीच हे नाव दोन वेगवेगळ्या, आणि पुढे एकमेकांच्या मुलखावर डोळा ठेवून असलेल्या घराण्यांत रुजले होते. नाव जर कुळाची खूण असते तर ते असे दोन दारी नांदले नसते.

तिसरा सिंघण तो इतिहासात सर्वांत मोठा. इतिहासकार त्याला दुसरा सिंघण म्हणतात, कारण क्रमांक यादवांपुरता लावला जातो. त्याच्या राज्यारोहणाचे साल कुणी 1200 च्या आसपास धरतात, कुणी 1210. पण चाळीसगावजवळच्या पाटण येथील 1207 च्या लेखात तो राज्य करताना दिसतो, ही गोष्ट पहिल्या मताला बळ देते. 1246-47 पर्यंत, म्हणजे चाळीसहून जास्त वर्षे, तो गादीवर होता. त्याने पन्हाळ्याचा शिलाहार राजा दुसरा भोज याला हरवून कोल्हापूरचे राज्य संपवले. होयसळांकडून दक्षिणेतला मुलूख घेतला. माळव्याच्या परमारांशी आणि गुजरातच्या वाघेल्यांशी तो पुन:पुन्हा लढला. गुजरातेत त्याच्या स्वारीने उडालेली घबराट सोमेश्वर कवीने ‘कीर्तिकौमुदी’त वर्णिली आहे, आणि जयसिंहसूरीच्या ‘हम्मीरमदमर्दन’ नाटकात तो शत्रुपक्षाचा राजा म्हणून येतो. ‘लेखपद्धती’ या पत्रनमुन्यांच्या ग्रंथात तर संधिपत्राचा मसुदा म्हणून सिंहण आणि गुजरातचा वाघेला लवणप्रसाद यांच्यातला तहच घेतला आहे. त्यावर विक्रम संवत 1288 हे साल आहे. तो तह प्रत्यक्ष झाला की नमुन्यासाठी रचला गेला याची चर्चा होऊ शकते. पण नमुना म्हणूनही कारकुनांना याच दोन राजांची नावे सुचावीत, यातच या नावाचा त्या काळचा दबदबा कळतो.

या राजाच्या पदरी कोण होते हेही पाहण्यासारखे आहे. ‘संगीतरत्नाकर’ लिहिणारा शार्ङ्गदेव त्याच्या दरबारातला; त्याचे घराणे काश्मीरहून दक्षिणेत आलेले. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा त्याचा राजज्योतिषी. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्याने स्थापलेल्या मठाचा उल्लेख पाटणच्या लेखात आहे. आणि उत्तरेकडच्या मोहिमा ज्याने चालवल्या तो सेनापती खोलेश्वर, ज्याची हकिकत अंबाजोगाईच्या दगडावर आहे. ग. ह. खरे यांनी दक्षिणच्या मध्ययुगीन इतिहासाच्या साधनांत हे लेख वाचून छापले, तेव्हापासून सिंघणाच्या उत्तरेकडच्या लढायांचा मुख्य आधार हे गावच झाले आहे. देवगिरीच्या राजाच्या पराक्रमाचा तपशील राजधानीपेक्षा अंबाजोगाईत जास्त सापडावा, हे बीडच्या वाचकाने अभिमानाने ध्यानात ठेवावे असे आहे.

खोलेश्वर देवळाच्या लेखाकडे जरा जवळून पाहू. खोलेश्वर मुद्गल गोत्रातला ब्राह्मण, त्रिविक्रमाचा मुलगा. वेदाचे कूळ असूनही त्याने शस्त्र धरले. भंभागिरीचा लक्ष्मीदेव त्याने जिंकला, माळवा-गुजरातच्या बाजूला त्याने फौजा नेल्या. त्याच्यामागून त्याचा मुलगा राम सेनापती झाला आणि गुजरातच्या मोहिमेत लढताना पडला. रामाची बहीण लक्ष्मी हिने भावाच्या स्मरणार्थ देऊळ उभे केले. भावाचा मुलगा लहान असल्याने त्याच्या वतीने कारभारही तिने पाहिला. या कुटुंबातली नावे बघावीत : त्रिविक्रम, राम, लक्ष्मी. राम आणि लक्ष्मी ही नावे आजही अंबाजोगाईच्या कुठल्याही शाळेच्या हजेरीपटावर मिळतील. ज्या राजासाठी या रामाने प्राण दिले त्याचे नाव मात्र तिथे मिळणार नाही. लेख संस्कृतात आहे, राजाचे नाव अर्धे कानडी वळणाचे, आणि गावची बोली मराठी, ज्या बोलीत याच गावाशी निगडित मुकुंदराजांनी शके 1110 मध्ये, म्हणजे 1188 साली, ‘विवेकसिंधु’ रचला असे परंपरा मानते. एका गावात, अर्ध्या शतकाच्या अंतरात, तीन भाषांचे हे व्यवहार सुखाने चालले होते.

यावर पहिला आक्षेप कानडी मूळ मानणाऱ्या अभ्यासकांचा आहे आणि तो हलका नाही. श्रीनिवास रित्ती यांच्यासारख्या विद्वानांनी दाखवले आहे की यादवांच्या वंशावळीत एकटा सिंघण नाही. धाडियप्प, राजुगी, वड्डिग, वेसुगी, मल्लुगी, जैतुगी अशी कानडी वळणाची नावे पिढ्यान्‌पिढ्या येतात. आणि यांतली कित्येक यादव सिन्नरकडे राज्य करत होते त्या काळातली, म्हणजे कानडी मुलूख त्यांच्या ताब्यात येण्याच्या आधीची आहेत. शिवाय त्यांचे कानडी कोरीव लेख मराठी लेखांहून संख्येने पुष्कळ जास्त आहेत. मी यातले तथ्य मान्य करतो. फक्त त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. सिन्नरचे हे मांडलिक आधी राष्ट्रकूटांचे आणि मग कल्याणीच्या चालुक्यांचे चाकर होते, आणि या दोन्ही दरबारांत कानडीला मान होता. मांडलिकाने सार्वभौमाच्या घरातली नावे उचलणे आणि त्याच्या नात्यातली मुलगी करून आणणे ही त्या काळची रीतच होती. वड्डिगाचेच उदाहरण घ्यावे. हे यादव राजाचे नाव आणि राष्ट्रकूट सम्राट तिसरा अमोघवर्ष याचे घरगुती नाव एकच आहे. आणि या यादव वड्डिगाची राणीही राष्ट्रकूट घराण्यातली होती. नाव सासरच्या वाटेने आले की धन्याच्या, ते प्रत्येक ठिकाणी सांगता येणार नाही. पण ते रक्ताच्या वाटेनेच आले असले पाहिजे, असा आग्रह या उदाहरणापुढे टिकत नाही.

एकदा घरात आलेले नाव पुढे भाषेच्या जोरावर टिकत नाही, पूर्वजांच्या मानाने टिकते. आजोबांचे नाव नातवाला देण्याची जी चाल मराठी घरांत अजून आहे, ती यादवांच्या वंशावळीत स्पष्ट दिसते. पहिल्या जैतुगीचा मुलगा सिंघण, आणि सिंघणाच्या मुलाचे नाव पुन्हा जैतुगी. हेमाद्रीची वंशावळ प्रमाण धरली तर खुद्द दुसऱ्या सिंघणाला त्याच्या खापरपणजोबाचे नाव मिळाले होते. म्हणजे 1200 च्या सुमारास देवगिरीला सिंघण हे नाव उच्चारले जात होते ते त्यातला अर्थ किंवा भाषा मनात धरून नव्हे. आपल्या वाडवडिलांचे नाव म्हणून. चार पिढ्यांपूर्वीचे नाव पाहून त्या दिवशीच्या राजवाड्यात कोणती भाषा बोलत असतील हे सांगणे धोक्याचे आहे, ते याचमुळे.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा. कुणी म्हणेल, दुसऱ्या सिंघणाच्या काळात मराठी लेख सापडतात, पाटणच्या लेखातच मराठी मजकूर आहे, मग राजा मराठीच म्हणा आणि वाद मिटवा. पण पाटणचा लेख नीट पाहिला तर त्याची रचनाच वेगळी गोष्ट सांगते. भास्कराचार्यांच्या वंशाचे गुणगान संस्कृतात आहे. मठाला बाजारातल्या कोणत्या मालावर किती द्यावे हा व्यवहाराचा भाग मराठीत आहे. वंशाची कीर्ती पंडितांनी वाचावी, देणे व्यापाऱ्याला आणि तेल्याला कळावे, एवढा साधा विचार त्यामागे आहे. त्याच सिंघणाचे लेख धारवाडकडे कानडीत आहेत, कारण तिथला वाचणारा कानडी होता. भाषा राजाच्या जिभेवरून ठरत नव्हती, लेख कुणी वाचायचा यावरून ठरत होती. म्हणून कानडी लेखांची मोठी संख्या जशी राजाला कानडी ठरवत नाही, तसे पाटणचे शब्द त्याला मराठी ठरवत नाहीत. मराठीचे खरे श्रेय वेगळे आहे : राजाचे नाव काहीही असो, बाजारातल्या देण्याघेण्यासाठी तिच्यावाचून चालत नव्हते.

नावावर विसंबून राहण्याचा धोका किती मोठा आहे याचे उदाहरण अंबाजोगाईतच आहे. मुकुंदराजांनी जैतपाळ राजाला उपदेश केला अशी परंपरा आहे. जैत्रपाल हे यादव राजाचे नाव माहीत असल्याने दोघे एकच, असे मानण्याचा मोह अनेकांना झाला. पण ‘विवेकसिंधु’चे परंपरेने सांगितलेले साल 1188 धरले तर त्या वेळी देवगिरीच्या गादीवर जैत्रपाल नव्हे, त्याचा बाप भिल्लम होता, जैत्रपाल गादीवर आला तो 1191 च्या सुमारास. काहींनी म्हणून हा जैतपाळ विदर्भाच्या उत्तरेकडच्या खेरळ्याचा राजा ठरवला. यातले काहीही खरे असो, एक गोष्ट पक्की : नाव जुळले म्हणून माणूस जुळत नाही, मग नुसत्या नावाच्या वळणावरून अख्ख्या घराण्याची मातृभाषा कशी जुळवणार?

शेवटचा प्रश्न उरतो तो हा की इतके नावाजलेले नाव मराठी मुलखातून गेले कसे. याचे उत्तर यादवांच्या वंशावळीतच सुरू होते. सिंघणाचा मुलगा जैतुगी बापाआधीच वारला आणि नातू गादीवर आला, त्याचे नाव कृष्ण. त्याच्यामागून भाऊ महादेव. मग कृष्णाचा मुलगा रामचंद्र, ज्याला आपण रामदेवराव म्हणतो, आणि त्याचा मुलगा शंकरदेव, ज्याला काही इतिहासकार तिसरा सिंघण असेही म्हणतात. कृष्णाच्या यदुकुळाचे म्हणवणाऱ्या या घराण्यात तोवर कृष्ण नावाचा एकही राजा नव्हता. गोविंदराजासारखे अपवाद सोडले तर बहुतेक नावे मल्लुगी, भिल्लम, जैतुगी, सिंघण या वळणाची. सिंघणानंतर मात्र राजांची नावे देवांची झाली. जुनी सवय लगेच सुटली नाही : कानडी लेखांत याच कृष्णाला कन्हर म्हणत, आणि महादेवाच्या मुलाचे नाव अम्मणच होते. पण ओघ बदलला होता. कुणी म्हणेल, देवांची नावे राजांना आधीही होती, वेरूळचे कैलास लेणे कोरवणारा राष्ट्रकूट राजा कृष्णच होता. बरोबर आहे; नवी नावे जन्माला आली असे मी म्हणत नाही, निवड बदलली असे म्हणतो. हाच काळ महानुभावांचा आणि वारकऱ्यांचा आहे, देवाचे नाव तोंडात असणे हीच साधना मानणाऱ्यांचा. त्या वातावरणात मुलाला देवाचे नाव देणे सगळ्या थरांत मोलाचे ठरले, आणि ज्या नावात देव नाही, नुसता सिंह आहे, ते मागे पडले. 1318 च्या सुमारास यादवांची सत्ता पुरती संपल्यावर त्या नावाला धरून ठेवणारे राजघराणेही उरले नाही. मराठी मुलखात त्याची आठवण गावाच्या नावात राहिली : सातारा जिल्ह्यातले शिखर शिंगणापूर सिंघणाने वसवले अशी परंपरा आहे, आणि पुढे मालोजी भोसल्यांनी तळे बांधले ते तिथल्याच शंभू महादेवाच्या पायाशी.

एवढ्या पुराव्यानंतर मूळ प्रश्नाचे उत्तर देता येते. सिंघण हे नाव प्राकृत सिंघाला कानडी शेवट जोडून झाले, कलचुरी आणि यादव अशा दोन घराण्यांनी ते मिरवले, आणि त्यांतल्या सर्वांत मोठ्या राजाने तीन भाषांत आपले राज्य लिहून ठेवले. त्याला एका भाषेच्या खात्यात घालायचे तर यांतला निम्मा पुरावा बाजूला ठेवावा लागतो, आणि असे करणारा इतिहास कानडी असो की मराठी, तो अपुराच असतो. बीड, लातूर, धाराशिव, सोलापूर हा पट्टा दोन्ही भाषांच्या शेजारात वाढला आहे. इथल्या माणसाला हे सांगायला दिल्लीचा विद्वान लागत नाही. त्याने खोलेश्वराच्या लेखापुढे उभे राहून ‘हा राजा आमचा की त्यांचा’ हे विचारू नये. कोणत्या साली, कोणत्या भाषेत, कुणासाठी कोरले, हे तीन प्रश्न विचारावेत. दगड त्यांची उत्तरे देतो. आणि ती उत्तरे सर्वांना वाचता यावीत म्हणून या दोन्ही लेखांचा सोपा मराठी अनुवाद देवळांच्या दारात लावणे, हे गावाने आणि शासनाने मिळून करण्याजोगे काम आहे.